पिवळ्या पट्टीच्या मागे

"हात काढा," असं ती म्हणाली, आणि मी काढला नाही. ऐकू आलं नव्हतं अशातला भाग नाही. माझ्या उजव्या तर्जनीचं टोक सर्किटच्या कडेला जेमतेम टेकलं होतं आणि समोरच्या पडद्यावरची हिरवी रेघ शहाण्या मुलीसारखी सपाट पडून होती. दोन दिवसांत पहिल्यांदाच पडली होती, आणि ती बघायला मी स्वतःच आमच्या मास्तरणीला हाक मारून बोलावलं होतं. "ताई, हात काढा ना एकदा." मग काढला. त्याबरोबर रेघेच्या मधोमध एक सुळका टपकन वर आला. अ‍ॅम्प्लिफायर शिट्टी मारायला लागला. ही शिट्टी कानाला ऐकू येत नाही. बाहेरून येणारा बारीक आवाज मोठा करायचं सोडून सर्किट स्वतःच्याच नादात ओरडायला लागलं की आमच्या धंद्यात त्याला शिट्टी म्हणतात. मी बोट ठेवलं, सुळका गेला. काढलं, आला. "बघितलंत ना? बोट ठेवलं की चालतंय," मी म्हणाले, आणि ते चक्क अभिमानानं म्हणाले, हे आठवलं की अजून कानाच्या पाळ्या गरम होतात. "म्हणजे चालत नाहीये, ताई," ती म्हणाली. आवाजात कुचकेपणा अजिबात नव्हता. असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. शेजारच्या टेबलावरचा चष्मेवाला म्हणाला, "आपण गिऱ्हाइकाला सेटबरोबर ताईंचं बोटही पॅक करून पाठवू." सगळे हसले. मीही हसले. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, पण हसले.

ही मंगळवारची गोष्ट. रेडिओची सर्किटं बेतायला शिकवणारं पाच दिवसांचं प्रशिक्षण होतं आणि कंपनीनं आम्हा अकरा जणांना तिथं धाडलं होतं. शिकवणारी तिशीची, केस आखूड, पायात कापडी बूट. आम्ही तिला आपसात मास्तरीण म्हणायचो. मी एक्कावन्न वर्षांची, अकरांमध्ये सगळ्यात थोरली, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त घाबरलेली. आमची कंपनी रुग्णवाहिकांमधले वायरलेस संच बनवते. सव्वीस वर्षं मी तिथं जुळणीच्या टेबलावर बसले. तयार झालेला प्रत्येक संच माझ्यासमोर यायचा आणि मी प्लास्टिकच्या काडीनं त्याच्या तारेच्या वेटोळ्यांना किंचित इकडे, किंचित तिकडे करून त्याला सुरात आणायची. ताईंचा हात लागला की सेट बोलतो, असं सगळे म्हणायचे. पण आता नव्या संचांत वाकवायला वेटोळीच नाहीत. एक तारखेपासून ते टेबल बंद. ज्यांचं सर्किट शुक्रवारी पास होईल ते डिझाइन विभागात जाणार, बाकीचे पॅकिंगच्या तपासणीला. साहेबांनी हे फार गोड शब्दांत सांगितलं होतं, पण किती गोड सांगितलं तरी पॅकिंग ते पॅकिंग. खोक्यांवर शिक्के मारत निवृत्त व्हायचं. त्या विचारानं माझ्या तोंडचं पाणी पळत होतं आणि ते कुणाला दिसू नये म्हणून मी पाच दिवस सगळ्यांवर खेकसत होते.

शुक्रवारच्या परीक्षेची तिथली एक रीत होती. मोजणीच्या टेबलापासून तीन पावलांवर जमिनीला पिवळी चिकटपट्टी लावलेली होती. ज्यानं सर्किट बनवलं त्यानं पट्टीच्या मागे, दोन्ही हात पाठीशी बांधून उभं राहायचं. सर्किट पत्र्याच्या डबीत घालायचं, झाकण लावायचं, आणि यंत्राला जोडायचं ते दुसऱ्यांनी. बनवणाऱ्यानं तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. मास्तरणीनं हे सोमवारी सांगितलं तेव्हा मला गंमत वाटली होती. शाळेत अंगठे धरून उभं करतात तसं काहीतरी. मंगळवारी बसथांब्यावर उभी असताना मात्र ती पट्टी डोळ्यांसमोरून हलेना. झाकण लावल्यावर माझं बोट आत कुठून जाणार? आणि पट्टीपासून टेबलापर्यंत तर माझा हात पोहोचणारच नव्हता. मी तो हात निरखून बघत राहिले. तर्जनीवर जुन्या भाजल्याचा डाग आहे, सोल्डरचा. नखं मी नेहमी बारीक कापते. थांब्यावरच्या बाकावर एक बाई मांडीवरच्या मुलाला झोपवत होती आणि मुलगा कधीचाच झोपलेला असूनही तिचं थोपटणं चालूच होतं. बस आली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी माझी सव्वीस वर्षं मोजत नव्हते. मनानं मी गच्चीवर उभी होते.

ती गच्ची म्हणजे आमच्या जुन्या भाड्याच्या घराची. मी नऊ वर्षांची होते. बाबा शिवणयंत्रं दुरुस्त करायचे. त्यांनी कुठून तरी एक जुना टीव्ही आणला होता. त्यावर चित्र म्हणजे नुसत्या मुंग्या. मग गच्चीवरच्या अँटेनाचा पाईप फिरवायला मला वर पाठवायचे. खिडकीतून दादा ओरडायचा, "डावीकडे! अजून! आता गेलं! मागे घे!" आणि एका रविवारी मी पाईप नुसता धरला, फिरवलाही नाही, तर खालून एकदम आरोळी आली, "आलं! हलू नकोस!" मी हात सोडला, गेलं. धरला, आलं. तेव्हापासून दर रविवारी संध्याकाळी सिनेमा लागला की मी गच्चीवर. खाली सगळं घर, शेजारची चार माणसं, आणि वर मी एकटी, गार पाईप धरून. तळव्याला एक तार रुतायची, हात भरून यायचा, तो बदलायची. खालून हसण्याचे आवाज आले की मलाही हसू यायचं, कशाला ते माहीत नसताना. मी त्यातला एकही सिनेमा पाहिला नाही. पण गाण्यांच्या वेळी आईचा आवाज वर यायचा, ती सोबत गुणगुणायची, आणि मला वाटायचं, हे सगळं मी धरून ठेवलंय. इतकं सुखाचं मला पुढे कधीच काही वाटलं नाही. लग्नातही नाही, आणि ते लग्न मोडलं तेव्हा जी सुटल्यासारखी भावना झाली तीही इतकी चांगली नव्हती.

घरी आले तर बाबा खुर्चीत शर्टाची बटणं उघडी टाकून बसलेले. आता ते ब्याऐंशीचे आहेत. आई जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून त्यांच्या बोटांना कंप आहे, आणि सकाळ-संध्याकाळ त्यांची बटणं मी लावते. संध्याकाळी फिरायला जायचा शर्ट निराळा असतो. मी चपला काढायच्या आधीच बटणं लावली. "आज उशीर झाला तुला," ते म्हणाले. पंधरा मिनिटं झाला होता. तेवढा वेळ ते तसेच बसून राहिले होते, उघड्या शर्टानं, आणि मला एकाच वेळी कीवही आली आणि खूप बरंही वाटलं. बरं वाटल्याची लाज वाटली.

बुधवारी मी जंग जंग पछाडलं. गणितं पुन्हा केली. सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्या सांध्यांना पुन्हा सोल्डरचे डाग दिले. सर्किटच्या पोटातून जमिनीकडे, म्हणजे तळाच्या तांब्याच्या थराकडे, जाणारी भोकं वाढवली. सुळका होता तिथंच. जिद्दी कार्टं. मास्तरीण मधूनमधून येऊन मागे उभी राहायची आणि पुढच्या टेबलाकडे जायची. त्या खोलीत थंडी फार, यंत्रांसाठी ठेवतात तशी, आणि मी स्वेटरच्या बाह्या ओढून बसलेली. सोमवारी तिनं आम्हाला पहिला धडा दिला होता तो मोजणीचा नव्हता, मोजणीच्या आधीचा होता. यंत्राला केबल लावायची आणि तिच्या टोकाला आधी काहीच नाही, मग नुसता पत्रा, मग विजेला ठरावीक विरोध करणारा एक खडा, असं लावून यंत्राला समजावून द्यायचं की बाबा रे, इथपर्यंत तू आणि तुझी केबल, इथून पुढे समोरचं सर्किट. हे न करता मोजलं तर केबलचे दोष सर्किटच्या नावावर जातात आणि सर्किटचे केबलच्या. मी ते वहीत नीट लिहून घेतलं होतं. बुधवारी जेवणाच्या सुट्टीत ते पान उघडं होतं आणि मला उगाच राग आला. कुणाचा ते कळेना. माझ्या आयुष्यात कुणी असं टोक दाखवून सांगितलं नव्हतं, की इथपर्यंत तू. दादा दूर राहतो, महिन्यातून दोनदा फोन करतो आणि दर वेळी म्हणतो, "तू आहेस म्हणून बरं आहे." मी दर वेळी म्हणते, "आहेच की."

दुपारी चष्मेवाला खुर्ची सरकवत आला. "ताई, रागावू नका, माझ्याकडे एक जास्तीचं बनवलंय. शिट्टी-बिट्टी काही नाही. तुमचं म्हणून द्या. कोण बघतंय?" काल केलेल्या विनोदाची भरपाई करत होता बिचारा. बुडत्याला काडीचा आधार, क्षणभर मी त्या सर्किटकडे बघितलं. नीटनेटकं होतं. मग मी त्याला म्हणाले, "सव्वीस वर्षं काय मी गवत उपटत होते?" तो खुर्ची सरकवत परत गेला. मला वाईट वाटलं, पण माफी मागायला उठले नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ते असं.

त्या दिवशी संध्याकाळी बाबा फिरायला गेले नाहीत. मी जेवायला वाढलं आणि न जेवता तशीच बसून राहिले. "काय झालं गं?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांना सर्किटातलं काही कळत नाही, पण यंत्र कळतं. बोट ठेवलं की चालतं, काढलं की बिघडतं, हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे गच्चीवरच्या अँटेनासारखंच की."

"तेच ना," मी म्हणाले. "तेव्हा निदान माझा उपयोग तरी होत होता."

"पहिल्या रविवारी झाला."

"म्हणजे?"

"अगं, दुसऱ्या रविवारी मी वर तार गुंडाळली होती ना. तुझा हात असायचा बरोबर त्याच जागी. वीतभर तार घेतली, लांब-आखूड करून बघितली. दादाला खिडकीत उभं केलं होतं. तुझ्या हातावाचून चित्र लख्ख येत होतं."

मी तळवा उघडून बघितला. तळव्याला रुतणारी तार. ती मला अँटेनाचीच वाटायची. एवढी वर्षं तळव्यावर तिची खूण आठवत होती, पण ती तिथं कुणी बांधली हा प्रश्नच कधी पडला नव्हता. "मग मला सांगितलं का नाही?" मी विचारलं, आणि माझा आवाज नऊ वर्षांच्या मुलीसारखा आला.

"सांगितलं नाही? तीन हाका मारल्या तुला. ये गं खाली, सोड तो पाईप, चित्र जात नाही. तू म्हणालीस, जाईल. मी म्हटलं, सोडून तर बघ. तर तू रडायलाच लागलीस. मी वर येऊन तुला उचलून आणणार होतो. तुझी आई म्हणाली, राहू द्या, तिला धरायचंय." त्यांनी पाण्याचा पेला दोन्ही हातांनी उचलला. "तुझ्या वाटचा खाऊ झाकून ठेवायची ती. सिनेमा संपला की तू यायचीस, राणीसारखी."

मी उठून बेसिनपाशी गेले आणि हात धुतले, जेवण न करताच. खरं तर मला रडू येत होतं. इतकी वर्षं मी ती गच्ची कुठं कुठं बरोबर नेली होती. जुळणीच्या टेबलावर, नवऱ्याच्या घरात, दवाखान्यात आईच्या उशाशी. कुणी मागितलं नसताना धरून उभी. आणि खाली जागा ठेवलेली होती, ताट झाकलेलं होतं, हाकाही मारल्या होत्या. हाका मला आठवत नाहीत. रडलेलं आठवत नाही. आठवतो तो फक्त अभिमान. बाबांना विचारावंसं वाटलं की खोटं तर सांगत नाही ना, माझी समजूत काढायला. पण त्यांना कधी खोटं सांगता आलं नाही, गिऱ्हाइकालासुद्धा, म्हणून तर दुकान चाललं नाही. मग हळूहळू, तोंडावर पाणी मारताना, दुसरी एक गोष्ट लक्षात आली. त्यांनी तार वाटेल तिथं बांधली नव्हती. आधी माझ्या हाताची जागा बघितली होती.

गुरुवारी मी सकाळी सर्वांच्या आधी पोहोचले. बोट फार जाड असतं. ते एकदम चार ठिकाणी टेकतं आणि कुठल्या ठिकाणानं गुण आला ते सांगत नाही. म्हणून टूथपिकच्या टोकाला कापसाचा कण गुंडाळून तो ओला केला आणि कडेकडेनं टेकवत गेले. इथं नाही, इथं नाही. वीज जिथून आत येते त्या बारीक रस्त्याच्या वळणावर टेकवला आणि सुळका पडला. एवढ्याशा जागेवर. तोपर्यंत मास्तरीण मागे येऊन उभी होती, ओल्या छत्रीसकट.

"सापडली जागा," मी म्हणाले.

"छान. आता सांगा, तुमचं बोट तिथं काय करत होतं?"

सव्वीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मीही स्वतःला विचारलं नव्हतं. हाताला गुण आहे म्हटलं की प्रश्न संपतो. मी विचार केला. "थोडं जमिनीकडे वाट काढून देत होतं," मी म्हणाले, "आणि थोडं खात होतं. जास्तीचं."

"किती?"

"ते काढावं लागेल."

"काढा की मग," ती म्हणाली आणि पहिल्यांदाच माझ्याशेजारी बसली.

संध्याकाळपर्यंत काढलं. वाट करून द्यायला एक कॅपॅसिटर, जास्तीचं खायला एक रेझिस्टर, एकापुढे एक. सहा जोड्या लावून बघितल्या. मोठा लावला की शिट्टी जायची पण आवाजही मरायचा, लहान लावला की शिट्टी परत. सातवी जोडी बसली. दोन्ही मिळून तिळाएवढे. चिमट्यात धरून मी ते दिव्याखाली बघितले. माझं बोट म्हणजे एवढं होतं. हसू आलं, चांगलं मोठ्यानं. चष्मेवाल्यानं विचारलं, "काय झालं, ताई?" "काही नाही," मी म्हणाले, "आणि काल तुला उगाच बोलले." तो म्हणाला, "माझीही बायको तेच विचारते, गवत उपटत होतास का म्हणून. सवय आहे."

शुक्रवारी माझा नंबर नववा. आधीच्या आठांतले सहा पास झाले होते. मी पिवळ्या पट्टीच्या मागे उभी राहिले, हात पाठीशी. डाव्या मुठीत उजवी तर्जनी घट्ट पकडून ठेवली होती, पळून जाईल म्हणून. चष्मेवाल्यानं माझं सर्किट डबीत बसवलं, झाकण लावलं, स्क्रू आवळले. त्यानं चारही स्क्रू आवळेपर्यंत मी एकेक मोजत होते, कारण झाकण लावल्यावर बिघडणारी सर्किटंही असतात, ते सगळ्यांना माहीत होतं. मास्तरणीनं केबल जोडली. पडद्यावर रेघ आली. सपाट. तिनं डबीवर पेन्सिलीनं टकटक केलं. सपाट. वीज कमी केली, वाढवली. मी तीन पावलांवर होते, सर्किट तिकडे होतं, आणि ते चाललं होतं. आवाज मोठा करण्याचा आकडा लागत होता त्याहून अगदी निसटता वर होता. पण होता. "पास," ती म्हणाली. मला आनंद झाला, खूप झाला. आणि त्याच्या पाठोपाठ इतकं एकटं वाटलं की पट्टीच्या मागून पुढे यायचं मी विसरूनच गेले. कुणीतरी टाळी वाजवली. मास्तरणीनं कागद पुढे केला. त्यावर एक रकाना होता, दोष कसा सापडला. मी पेन घेऊन थांबले. काहीतरी शहाणं लिहावं म्हणून शब्द शोधत होते. "बोटानं सापडला ना?" ती म्हणाली. "मग तसंच लिहा. लाज कसली त्यात." मी लिहिलं.

घरी पोहोचले तेव्हा उजेड होता. दार बाबांनी उघडंच ठेवलं होतं. ते खुर्चीत बसले होते, फिरायला जायचा शर्ट घालून, मान खाली घालून, आणि त्यांची बोटं दुसऱ्या बटणाशी झटापट करत होती. पहिलं लावून झालेलं होतं. मी पुढे झालेच होते. मग उंबऱ्याशी थांबले आणि हात पाठीमागे नेले. बटण काजापाशी यायचं, थरथरायचं, निसटायचं. किती वेळ गेला सांगता येणार नाही. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. दुसरं लागलं. तिसरं चौथ्याच्या काजात गेलं आणि शर्ट एका बाजूनं वर चढला, माझी बोटं पाठीमागे आपोआप हलली, मी ती दाबून धरली. शेवटी त्यांनी मान वर केली. शर्ट वाकडा, चेहरा घामेजलेला, आणि त्या चेहऱ्यावर मला ओळखीचं काहीतरी होतं. गच्चीवरून उतरताना माझ्या चेहऱ्यावर असायचं तेच असणार.

"झालं," ते म्हणाले. मग मला दारात उभी बघून म्हणाले, "अशी बाहेर काय उभी राहिलीस? ये की आत."

मी पहिल्या हाकेला गेले.